अंगणवाडीवर मारलेली रेघ

आमच्या अंगणवाडीत एकच खुर्ची आहे. लाल प्लास्टिकची, मागच्या पायाला तार गुंडाळलेली. तिच्यावर सेविका बसते. मदतनीस सतरंजीच्या कडेला बसते, तेही खिचडी उतरवून, पोरांचे हात धुऊन, नाकं पुसून झाल्यावर वेळ उरला तर. मी अकरा वर्षं मदतनीस आहे. घरोघर जाऊन पोरं गोळा करणारी मी, शिजवणारी मी, झाडणारी मी, रडणारं पोर कडेवर घेऊन फिरणारीही मीच. सेविकाबाई रजिस्टर भरायच्या आणि मोबाइलवर फोटो काढून वर पाठवायच्या. त्या फोटोत मी कधी आलेच तर पातेलं उचलताना, पाठमोरी.

दीड वर्षापूर्वी कळलं, की बाई पुढच्या पावसाळ्यात निवृत्त होणार. त्याच गावची मदतनीस बारावी पास असेल तर जागेवर पहिला हक्क तिचा, असं मला कार्यालयातून सांगितलं होतं. मी बारावीला बसलेली आहे, पास नाही. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. सोळा वर्षं राहिलेलंच होतं. ते सुटलं तर खुर्ची माझी. नाही सुटलं तर तिच्यावर दुसरी कुणी येऊन बसणार आणि मी तिच्या हाताखाली पातेली उचलणार.

इंग्रजी का राहिलं ते सांगते, नाहीतर लोक लगेच म्हणतात, डोकं नसेल. डोकं होतं. मी दिवाळीनंतर शाळेत नव्हते. आईवडील ऊसतोडीला जायचे, कधी माजलगावच्या बाजूला, कधी कड्याकडं, कधी पार कर्नाटकात, आणि धाकट्या भावाला सांभाळायला मी लागायची. आमच्या शाळेत इंग्रजीतले काळ दिवाळीनंतर शिकवायचे. दर वर्षी. आधी सोप्या कविता, वस्तूंची नावं, 'धिस इज, दॅट इज' व्हायचं, आणि काळ सुरू व्हायच्या वेळेला आमचं बिऱ्हाड ट्रॉलीत चढलेलं असायचं. वर्गातली अर्धी पोरं काळ शिकली, अर्ध्या पोरांनी उसाच्या मोळ्या बांधल्या. हा धडा जरा श्रावणात घेतला तर काय बिघडेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वेळापत्रक वरून आलेलं असतं, आणि वरून आलेल्याला आमच्याकडं कुणी हात लावत नाही.

बरं, परत आल्यावर आम्हांला सरळ नापास केलं असतं तरी परवडलं असतं. तसंही नाही. आमचे वर्गशिक्षक इतिहास शिकवायचे. फार मायाळू माणूस. परीक्षेच्या दिवशी ते तोडणीवरून आलेल्या पोरांना वेगळ्या रांगेत बसवायचे आणि फळ्यावर उत्तरं लिहून द्यायचे. "लेकरांनो, उन्हातान्हातून आलाव, तुमी निस्तं उतरून काढा," म्हणायचे. आम्ही उतरून काढायचो. आमचं शिक्षण म्हणजे उतरवणं, एवढीच आमची समजूत होती.

एकदा आठवीत गणिताचं एक उत्तर मी स्वतः काढलं. फडावर काय, कुणी शिकवायला नसलं तरी मोळ्या मोजाव्याच लागतात, त्यामुळं गुणाकार मला यायचा. फळ्यावर वेगळंच उत्तर होतं. मी हात वर केला. "सर, माझं येगळं यायलंय." सर रागावले नाहीत. जवळ आले, डोक्यावर हात ठेवला. "खोड बाळा ते. फळ्यावरचं लिही." मी खोडलं. नंतर वर्गातल्या एका हुशार मुलीनं सांगितलं, की माझं बरोबर होतं. पण तोवर मी पास झालेली, आणि पास झालेल्या माणसानं तक्रार कशाची करायची?

अशी मी दहावी झाले. बारावीला मात्र इंग्रजीच्या पेपरला पथक वर्गातच ठाण मांडून बसलं. फळा कोरा. मीही कोरी. घोडं तिथंच अडलं, आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

नवरा नांदूरघाट ते केज जीप चालवतो. लेक त्या वेळी नववीत होती. मी परत फॉर्म भरणार म्हटल्यावर घरात एकटी तीच हसली नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता काय मडमीण व्हती का?" नवऱ्याला तो आठ दिवसांचा झटका वाटला असणार. लेकीनं तिची जुनी वही काढली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला नेमकं काय येत न्हाई?"

"काळ," मी म्हटलं. "कोणता कवा वापरायचा ते."

तिनं आधी पुस्तकातलं वाचून दाखवलं. साधा वर्तमानकाळ, चालू वर्तमानकाळ, मी करतो, मी करत आहे. माझ्या डोळ्यांसमोर परत तो कोरा फळा. आमच्या घरात कुणी 'करत आहे' म्हणतच नाही. लेकीनं माझ्याकडं बघितलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आई, तू रोज भाकरी करती. आन् आता काय करायलीस?"

"भाकरीच करायलेय."

"झालं की मग! करती म्हंजे एक, करायलेय म्हंजे दुसरं. तुला येतंय सगळं. निस्तं इंग्रजी कपडे घालायचे."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. धुरानं आलं असं मी दाखवलं. इतकी वर्षं ज्याला मी भीत होते ते माझ्या तोंडात होतं, आणि ते सांगायला चौदा वर्षांची पोर लागली. पगारी माणसं झोपली होती काय?

त्या दिवसापासून तिनं नियम केला. जे काम हातात असेल ते बोलून करायचं, एकदा रोजचं म्हणून आणि एकदा आत्ताचं म्हणून. 'आय फेच वॉटर. आय अ‍ॅम फेचिंग वॉटर.' शेळीला पाला टाकताना, भांडी घासताना, वळणावर जीपची वाट बघताना. सकाळी चुलीपाशी आले की ती अंथरुणातूनच ओरडायची, "व्हॉट आर यू डूइंग?" आणि मी ओरडायची, "आय अ‍ॅम मेकिंग टी!" शेजारच्या घरात हसणं ऐकू यायचं. सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "कावून बडबडती काय म्हाईत. आंगात आलंय, पर देव इंग्रजी हाय."

पुढं त्यांनाही सवय झाली. एकदा मी नुसतंच गप्प बसून तांदूळ निवडत होते तर म्हणाल्या, "आज ग्वाड न्हाई का वाटत? बोलंनास ती."

अंगणवाडीत तर मला रानच मोकळं. सेविकाबाई रजिस्टरात डोकं घालून बसलेल्या, मी पोरांशी बोलायची. 'आय अ‍ॅम वॉशिंग युवर हँड्स.' पोरं काय, पोपट. महिन्याभरात ती स्वतःच म्हणायला लागली. एक तीन वर्षांची पोरगी बाहेर शी करायला बसली आणि तिथून ओरडली, "आय अ‍ॅम सिटिंग!" मी इतकी हसले, की खिचडी खाली लागली.

एके दिवशी पर्यवेक्षिका आल्या. पोरांनी त्यांच्यापुढं धडाधडा म्हणून दाखवलं, वुई ईट, वुई आर ईटिंग, वुई आर ड्रिंकिंग वॉटर. मॅडम खूश. "अरे वा, हे कुणी शिकवलं?" मी पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. तोवर सेविकाबाई खुर्चीतून उठून म्हणाल्या, "रोज थोडं थोडं घेते मी, मॅडम." फोटो काढला. मॅडम, बाई आणि पोरं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं म्हणतात. आमच्याकडं ज्याच्या बुडाखाली खुर्ची तो पारधी. पण खरं सांगते, त्या दिवशी मला फार राग आला नाही. मी मनात म्हटलं, बसा बाई, सहा महिनेच उरलेत.

परीक्षेच्या आधी लेकीनं पाच-सहा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या. लाल पेन तिच्या हातात. चुकलं की आमच्या शाळेतल्या सरांसारखा डोक्यावर हात वगैरे नाही, सरळ म्हणायची, "कावून चुकलं ते सांग." मला सांगावं लागायचं. शेवटच्या तीन पेपरांत तिनं मला पास केलं, आणि ती मार्कांच्या बाबतीत आजीवर गेलेली आहे, हात सैल नाही.

केंद्र कोणत्या गावात होतं ते सांगत नाही. एकाच संस्थेची माध्यमिक शाळा, तिथंच वरचं कॉलेज. मी शिकले ते हेच. फाटकावर कॉपीमुक्त परीक्षेचा फलक, खाली कंपाउंडच्या भिंतीवर चढलेले भाऊ, नवरे, दीर. माझ्या खोलीत माझ्यासारख्या बाहेरून फॉर्म भरून बसलेल्या बायका बऱ्याच होत्या. माझ्या मागच्या बाकावर शेजारच्या गावची एक सून होती, तिचं चार महिन्यांचं बाळ बाहेर लिंबाखाली तिच्या सासूजवळ. दर थोड्या वेळानं बाळ रडायचं आणि ही मागं उसासा टाकायची.

पेपर हातात आला. वाचला. मला सांगायला शब्द नाहीत, पण मला सगळं समजत होतं. सोळा वर्षांपूर्वी तो कागद म्हणजे मुंग्यांची रांग होती, आता त्यातली माणसं, क्रिया, कोण काय करतं, सगळं दिसत होतं. काळ बदलायची वाक्यं मी पाच मिनिटांत लिहिली. मग एक मोठा प्रश्न होता, तुमच्या ओळखीच्या एखाद्या जागेचं वर्णन करा. मी क्षणभर थांबले आणि अंगणवाडी लिहायला घेतली. आय ओपन द डोअर. आय स्वीप द फ्लोअर. रोजचं रोजच्या रीतीनं लिहिलं. मग वाटलं, आत्ता यावेळी तिथं काय चाललं असेल, आणि तसंच लिहीत गेले. द चिल्ड्रन आर कमिंग. वन गर्ल इज क्रायिंग. आय अ‍ॅम होल्डिंग हर. पान भरलं. मागून आवाज आला, "मावशी, जरा हात बाजूला घ्या की." मी घेतला. बाळाची आई होती, मला दया आली. तिनं भराभर उतरून घेतलं आणि तासभर शिल्लक असताना पेपर देऊन बाळाकडं पळाली.

भरारी पथक तोवर येऊन, चहा घेऊन गेलं. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि खोलीत ते आले. माझे वर्गशिक्षक. केस पांढरे झालेले, चालणं तेच. हातात झेरॉक्स केलेले कागद. खोलीवर देखरेखीला असलेल्या बाईंनी खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. सरांची नजर रांगेवरून फिरत माझ्यावर आली आणि थांबली. "अगं, तू?" म्हणाले. "आजून राहिलंय व्हय तुझं? बरं केलंस आलीस ते. लिही, लिही. मी सांगतो." आणि माझ्या बाकाशेजारी उभं राहून सांगायला लागले. सगळ्यांना ऐकू येईल असं, पण उभे माझ्याजवळ. माया होती त्यात. ती मला आजही नाकारता येत नाही, आणि म्हणूनच जास्त जळते.

काळाच्या वाक्यांची उत्तरं त्यांनी सांगितली. चुकीची होती. मला कळत होतं, की ती चुकीची आहेत. कुणीतरी बाहेर घाईघाईत सोडवलेली, कदाचित दुसऱ्याच प्रश्नांची. मग वर्णन सांगायला घेतलं, रेल्वे स्टेशन. 'अ रेल्वे स्टेशन इज अ व्हेरी बिझी प्लेस. कुलीज आर रनिंग हिअर अँड देअर.' आजूबाजूला पेनं चालू झाली. सगळी खोली वाकून लिहीत होती. माझ्यापुढं भरलेलं पान होतं.

मी सांगते काय झालं, कारण बाकी कुणी सांगणार नाही. सरांनी माझ्या पानाकडं बघितलंही नाही. मी विचार केला, इतकी माणसं एक लिहितायत आणि मी दुसरं. सर शिकलेले. मी चुलीपुढं बसून शिकलेली, नववीतल्या पोरीकडून. खुर्ची घालवायचीय का? सोळा वर्षांनी आलेली संधी स्वतःच्या शहाणपणापायी घालवायचीय का? असं मनात आलं आणि माझा हात चालायला लागला. काळाच्या वाक्यांवर मी काट मारली आणि वर सरांचं लिहिलं. मग अंगणवाडीच्या पानावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ ओढली. पट्टी लावून. एवढी नीटनेटकी मी.

आणि मी रेल्वे स्टेशन लिहायला घेतलं. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. मी जन्मात आगगाडीत बसलेली नाही. तोडणीवरून जाताना एकदा फाटकावर ट्रॉली थांबली होती, तेव्हा लांबून डबे बघितले होते, तेवढीच ओळख. सर पुढं जात होते, मला त्यातल्या निम्म्या शब्दांची स्पेलिंग येत नव्हती, ऐकू येईल तसं लिहीत होते. अर्ध्यात घंटा झाली. माझं शेवटचं वाक्य 'द ट्रेन इज' इथंच राहिलं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागणं म्हणतात ते हेच, फक्त मी पळत्याला बघितलंही नव्हतं.

बाहेर पडताना सर दारात होते. मी त्यांच्या पाया पडले. हो, पडले.

घरी लेक प्रश्नपत्रिका हिसकावून घ्यायला उभी. एकेक प्रश्न वाचायला लागली आणि मी एकेक उत्तर सांगायला लागले. मी तिला काय सांगितलं असेल? माझं. आधी लिहिलेलं. सगळं बरोबर. ती लाल पेनानं प्रश्नपत्रिकेवरच खुणा करत गेली, मार्क मांडले, आणि वही हवेत उडवली. "आई, पासष्टच्या खाली जात न्हाईस तू!" सासूबाईंनी साखर आणून माझ्या तोंडात घातली. नवरा जीप पुसता पुसता म्हणाला, "मग आता बाई म्हणायचं का तुला?" लग्नाच्या सोळा वर्षांत त्यानं असं बोललेलं मला आठवत नाही. मी साखर गिळली. त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही, आणि खरं म्हणजे मनात अजून एक आशा होती, की सरांचंच बरोबर असेल. माणूस स्वतःच्या अकलेवर विश्वास ठेवायला किती कचरतो बघा.

मे महिन्यात निकाल लागला. पाच मार्कांनी गेलं.

लेकीचा विश्वासच बसेना. तिनं तीनदा नंबर टाकून बघितला. मग म्हणाली, "चूक झाली त्यांची." नवरा म्हणाला, "जाऊ दे. खिचडी काय पळून जाती का?" त्याचं म्हणणं खरं होतं. खिचडी दुसऱ्या दिवशी होतीच.

आठवड्यानं नांदूरघाटच्या बाजारात एका बाईनं मागून माझा पदर ओढला. कडेवर बाळ. तीच, मागच्या बाकावरची. हातात पेढ्यांचा पुडा. "मावशी, तुमाला किती हुडकलं! गावाचं नावबी म्हाईत नव्हतं. तुमच्यामुळं सुटले बगा मी." माझी लेक शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "तुमी आईचं बघून लिवलंतं?"

"मंग! अक्षर न् अक्षर. ती आंगणवाडी, पोरगी रडायलीय, समदं. माझं बाळ रडत व्हतं म्हून मी लवकर पेपर दिला, न्हाई तर मागून सर आलते म्हणं सांगाया. मला कुठलं तेवढं नशीब!" आणि हसली. बाळाच्या तोंडाला पेढा लावला, एक माझ्या हातावर ठेवला आणि गर्दीत गेली.

जिनं अंगणवाडीत फक्त पोषण आहार आणायला पाऊल टाकलं असेल, ती माझ्या अंगणवाडीवर पास झाली. मी रेल्वे स्टेशनवर नापास झाले. हे मला तिथंच, भाजीच्या ढिगापुढं उभं असताना कळलं, आणि मला असं वाटलं, की कुणीतरी माझ्या कानफटात मारावी म्हणजे जरा बरं वाटेल.

पण लेकीला वेगळंच कळलं. तिचे डोळे चमकायला लागले. "आई, ती तुझं बघून पास झाली आन् तू नापास? मंजे तपासणाऱ्यानं घोळ घातलाय. आता सोडायचं न्हाई." मी म्हटलं, राहू दे. म्हटलं, नशीब. म्हटलं, परत बसेन. ती ऐकेना. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि मग फेरतपासणी, हे सगळं तिनं शोधून काढलं. बापाशी भांडून त्याला तयार केलं. "तुमच्या बायकोवर अन्याय झालाय," असं त्याला म्हणाली. केजच्या सेवा केंद्रात तिनं स्वतः अर्ज भरला. मी शेजारी उभी होते. सहीच्या जागी सही केली. त्या वेळीही सांगायला हवं होतं. दुसऱ्यांदा.

दरम्यान सेविकाबाई निवृत्त झाल्या. त्यांना नारळ आणि साडी दिली. मी स्वयंपाक केला. जागेवर वरच्या आळीची एक सून आली, शिकलेली आहे, वाईट नाही. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मावशी, पोरांना इंग्रजी लई छान येतंय, आधीच्या बाईंनी शिकवलं का?" मी हो म्हटलं. खुर्चीची तार सुटली होती, ती नीट बांधून दिली.

छायाप्रत सेवा केंद्रातल्या माणसाच्या संगणकावर आली. त्यानं ती लेकीच्या मोबाइलवर पाठवली. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. ती बोटानं मोठं करून बघायला लागली. पहिली पानं भराभर सरकवली. मग काळाची वाक्यं आली. खोडलेली, वर दुसरी लिहिलेली. ती थांबली. पुढं सरकवलं. अंगणवाडीचं पान आलं, त्याच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती रेघ.

तिनं रेघेखालचं वाचलं. हळू, ओठांत, शेवटपर्यंत. वन गर्ल इज क्रायिंग, आय अ‍ॅम होल्डिंग हर.

"आई, हे तर बरोबर हाय."

"हाय."

"मग खोडलं कुणी?"

मी रेघेकडंच बघत होते.

"सरांनी खोड म्हणलं का तुला?"

आठवीत त्यांना म्हणावं लागलं होतं. डोक्यावर हात ठेवून सांगावं लागलं होतं. या वेळी तेवढीही तसदी मी त्यांना दिली नाही.

"न्हाई," मी म्हटलं. "कुणी म्हणलं न्हाई. मीच खोडलं."

ती रागावेल असं वाटलं होतं, रडेल असं वाटलं होतं. तिनं मोबाइल बंद केला आणि पिशवीत टाकला. बापाच्या जीपमध्ये पुढं बसायचं सोडून मागं बसली. फेरतपासणीचं नाव पुन्हा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली, चहा ठेवला आणि वाट बघत बसले. ती अंथरुणात जागी होती, मला कळत होतं. काही विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

या वर्षी तिची दहावी. केंद्र तेच, आणि सर निवृत्त व्हायला अजून एक वर्ष आहे. परवा सकाळी ती वेणी घालत होती, मी चहा गाळत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "पेपरात कुणी काही सांगायला आलं, तर..."

तिनं माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पाठमोरीच म्हणाली, "मी न्हाई खोडणार. सर म्हणले तरी न्हाई. तू म्हणलीस तरी न्हाई."

मी तिच्या पुढ्यात चहा ठेवला आणि अंगणवाडीची किल्ली घेऊन निघाले.